कव्हर कापणारा माणूस

त्या माणसाला शिरूरमध्ये सगळे 'भाऊ' म्हणत. मीही म्हणायचे. आता माझी जीभ तिकडं वळत नाही, म्हणून इथं मी त्याला मालक म्हणणार आहे. त्याची प्रेस होती आणि मी तिथं कामाला होते, एवढं नातं पुरे. त्यानं काय केलं ते ऐकून पुष्कळ जण म्हणतात, अगं, एक पुठ्ठ्याचं कव्हरच होतं ना. त्यांना मी आधी ते कव्हर कसं होतं ते सांगते.

आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे वडील, आप्पा, रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलून देणारे, होते. मूळ गाव राहू, आणि आजोबांपर्यंत सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. काठी खाली ठेवून नोकरीला लागलेला आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे आप्पा. त्यामुळं साहेब लोकांसमोर ते नेहमी थोडे वाकून उभे राहत. आपली नोकरी कुणीतरी चुकून दिली आहे आणि कधीही परत मागतील, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत असावं.

चर्चच्या मागच्या गल्लीत एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या. त्यांचा नवरा मेल गाडीचा ड्रायव्हर होता, तो वारला होता. त्या स्वतः रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. मी इंग्रजीत नापास होऊ नये म्हणून आप्पांनी मला त्यांच्याकडं शिकवणीला घातलं. आई माझ्याबरोबर भाकरी आणि ठेचा द्यायची. आंटी ठेचा खाताना डोळे पुसायच्या आणि आणखी मागायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. जाताना तो आपल्या रेकॉर्ड मागं ठेवून गेला होता. रेकॉर्ड प्लेअर चालू होता, सुई मात्र आंटी जपून वापरायच्या. अभ्यास चांगला झाला की त्या म्हणायच्या, "बेबी, आज लगाएँगे," आणि एक जाड, दुपदरी कव्हर कपाटातून काढायच्या.

ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते पुस्तकच वाटलं होतं. बाहेरून काळ्या-करड्या दगडांचा एक उंच मनोरा छापलेला, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी लाकडी दरवाजा. दरवाजा नुसता छापलेला नव्हता. पुठ्ठा मधून चिरलेला होता आणि दोन्ही फळ्या नखानं उघडत. आतली पातळ पाकिटं खालीवर केली की दारामागचं चित्र बदले. एकदा रिकाम्या पायऱ्या दिसत, एकदा खांद्यावर काहीतरी लांब, जड घेतलेला माणूस. आणि पूर्ण कव्हर पुस्तकासारखं उघडलं की आत गावाचा चौक. चौकात माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी. गाताहेत की ओरडताहेत, कळत नसे.

आंटींनी मला गोष्ट सांगितली, कारण शब्द मला कळत नव्हते. एका समुद्रकाठच्या गावात चर्चची घंटा वाजवणारा एक माणूस असतो. गाव त्याच्यावर चोरीचा आळ घालतं, खोटाच, आणि त्याला हाकलून देतं. पुष्कळ वर्षांनी तो परत येतो, कुणी त्याला ओळखत नाही. तो मनोऱ्यात चढतो, घंटेचा लोळा, म्हणजे आत आपटणारा लांब दांडा, काढतो आणि खांद्यावर टाकून निघून जातो. गावाला घंटा उरते, आवाज उरत नाही. ही सगळी गोष्ट दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर गाण्यांतूनच सांगितलेली, मध्ये बोलणं नाही. गिटारी अशा कडाडायच्या की खिडकीची काच हलायची. आंटी म्हणाल्या, याला रॉक ऑपेरा म्हणतात. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, म्हंजी आपलं सुंबरानच की. आजोबा ढोलावर ओव्या गायचे तेव्हा देवाची अख्खी गोष्ट अशीच गाण्यातून पुढं जायची. मला ते पटलं. मेंढरांची राखण करणाऱ्यांची आणि ते गाणाऱ्या गोऱ्या, केस वाढवलेल्या पोरांची रीत एकच, हे मला फार आवडलं.

मी चित्रं काढायला त्या कव्हरवरून शिकले. शाळेत फुलदाणी आणि सफरचंद असायचं. माणसाचा चेहरा रागात कसा ओढला जातो, ओरडताना मानेची शीर कुठं दिसते, हे मी त्या चौकातल्या माणसांवरून शिकले. एकेक माणूस वहीत उतरवायचा, असं बरीच वर्षं चाललं. आंटी बाजूला विणत बसायच्या. कधी एखादा चेहरा पाहून म्हणायच्या, हा तर आमचा जुना स्टेशनमास्तर.

बारावी झाली. पुढं शिकवायला आप्पांची तयारी होती, पण माझा भाऊ लहान, आई आजारी. मामा शिरूरला राहायचे. त्यांनी एका प्रेसमध्ये शब्द टाकला. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथं छापलं जाई. प्रेसवाल्यांना अक्षर आणि चित्र काढणारं कुणीतरी हवं होतं. मी मामांकडं राहून कामाला जाऊ लागले.

मालक तेव्हा चाळिशीचा, बड्या बागायतदार घराण्यातला. भाऊबंद सोसायटीत, कारखान्यात. प्रेस त्यानं हौसेनं काढली होती. बोलायला गोड. माझी चित्रं पाहून त्यानं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि त्या वयात तेवढं पुरतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माझी जुनी वही दाखवत होते. तो चौक, तो मनोरा, ते उघडणारं दार. दारापाशी तो थांबला. हे खरंच उघडतं का, असं विचारलं. मी सांगितलं, व्हय, पुठ्ठाच कापलेला हाय. त्यानं मला ते कव्हर आणून दाखवायला सांगितलं. नुसतं बघायचं, म्हणाला.

मी आंटींना विचारलं. त्यांनी पुष्कळ विचार केला. तबकड्या त्यांनी काढून कपाटात ठेवल्या आणि रिकामं कव्हर आतल्या पाकिटांसह जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून दिलं. मुलगा ख्रिसमसला येणार होता, पहिल्यांदाच इतक्या वर्षांनी, आणि त्याच्या सगळ्या रेकॉर्ड घेऊन जाणार होता. तो यायच्या आत परत आण, एवढंच त्या म्हणाल्या.

मी ते मालकाच्या हातात दिलं. त्यानं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. लहान मूल खेळतं तसं. मग दिवाळी आली. मी चार दिवस घरी गेले. कव्हर प्रेसमध्ये त्याच्या कपाटात राहिलं, कारण कपाटाला कुलूप होतं आणि मामांच्या घरात लहान मुलं होती.

परत आले तर मशीनजवळ टेबलावर प्लायवूडचा एक तुकडा पडलेला. त्यात पोलादी पाती ठोकलेली. पुठ्ठा कापायला असा साचा करतात, त्याला डाय म्हणतात. पात्यांच्या मधोमध प्लायवूडला डिंकानं चिकटवलेला मनोऱ्याचा पायथा होता. तेच दगड, तेच दार. फळ्यांच्या कडेनं पेन्सिल फिरवलेली, खिळ्यांनी भोकं पाडलेली.

मी बाकीचं कुठं आहे ते विचारलं. मशीनवरचा माणूस माझ्याकडं न बघता म्हणाला, रद्दीत गेलं असंल, भाऊंनी साफसफाई काढली हुती. मी रद्दीच्या ढिगात हात घातला. चौकाचा एक तुकडा सापडला, त्यावर कुणीतरी शाईचे रोलर पुसलेले. माणसांची तोंडं काळी झाली होती. पाकिटं सापडलीच नाहीत.

मालक आला तेव्हा मी रडत होते. तो आधी हसला. "अगं येडे, पुठ्ठाच तर हाय. मापासाठी सपाट करायला लागतंय त्ये." मी म्हणाले की ते माझं नव्हतं, परत द्यायचं होतं. तो म्हणाला, तुला दुसरं आणून देतो पुण्यातनं. आणून तो देणार नव्हता, आणि तसलं पुण्यात मिळणारही नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या लगीनसराईत त्याची 'दरवाजाची पत्रिका' निघाली. मनोऱ्याच्या जागी वाड्याची भिंत, दगडांच्या जागी विटा, दाराला पितळी कड्या आणि वर तोरण. दार उघडलं की आत गणपती. तालुक्यात असली पत्रिका कुणी पाहिली नव्हती. घोडनदीपासून पाबळपर्यंतचे लोक ती मागायला यायचे. कुणी विचारलं, कुठनं सुचलं, तर तो म्हणायचा, आमच्या जुन्या वाड्याचं दार बघून. विटा मी काढल्या होत्या. कड्याही मीच काढल्या होत्या. नोकरी सोडायला हवी होती, पण सोडली नाही. तेव्हा मला वाटत होतं की मी जवळ राहिले तर तो निदान आंटींना खरं सांगेल.

मी आंटींना खरं तेच सांगितलं. त्या खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसल्या. मग म्हणाल्या, मुलाला तू सांग, मला जमणार नाही.

मुलगा आला. उंच, टक्कल पडलेला, बुटांना आमच्या गल्लीतली धूळ लागली की लगेच पुसणारा. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मला त्या माणसाला भेटायचं आहे. आप्पांनी रजा टाकली. आम्ही तिघं एसटीनं शिरूरला गेलो.

प्रेसमध्ये कामगार होते, पत्रिकेचं गिऱ्हाईक बसलं होतं. मालकानं सगळ्यांना चहा मागवला. मुलानं इंग्रजी-हिंदीत विचारलं, माझं कव्हर तुमच्याकडं आहे असं ही म्हणते. मालकानं माझ्याकडं पाहिलं. मला अजून ते बघणं आठवतं. त्यात राग नव्हता, शरम नव्हती, हिशेब तेवढा होता. मग तो आप्पांना म्हणाला, "ही पोरगी काय बोलती मला ठावं न्हाई. माझ्याकडं असलं काय आलंच न्हाई. आलं आसंल तर कुठं लिहून दिलंय का मी? पुण्याच्या जुन्या बाजारात मातर असल्या वस्तूला गिऱ्हाईक असतंय, असं ऐकलंय."

मी पत्रिका उचलून मुलाला दाखवली, दार उघडून. त्यानं फळीवरून बोट फिरवलं. मालक लगेच म्हणाला, हे वाड्याचं दार हाय साहेब, आमच्याकडं अशीच असत्यात. मी मशीनवरच्या माणसाकडं पाहिलं. तो कागद मोजत होता. डाय कुठं होता कुणास ठाऊक, त्या दिवशी तो टेबलावर नव्हता.

आणि मग आप्पांनी ते केलं. त्यांना वाटलं असेल, हे साहेब लोकांचं भांडण आता वाढणार, पोलीस येणार, नोकरी जाणार. ते उठले आणि त्या मुलासमोर हात जोडून उभे राहिले. "साहेब, पोरीकडनं चूक झाली. पदरात घ्या." प्रेसमधल्या सगळ्या माणसांसमोर. मालक चहाचा घोट घेत होता.

परत येताना एसटीत आप्पा म्हणाले, "मला म्हाईती हाय तू न्हाई केलंस." मी विचारलं, मग हात का जोडले? ते खिडकीबाहेर बघत राहिले. मुलगा पुढच्या सीटवर बसला होता, त्याला मराठी कळत नव्हतं.

तो तबकड्या घेऊन गेला, उघड्याच, वर्तमानपत्रात गुंडाळून. गल्लीत गोष्ट पसरली. आंटींच्या घरून रेल्वेवाल्याच्या पोरीनं काहीतरी उचललं, पुण्यात नेऊन विकलं. कुणी तोंडावर म्हणालं नाही. पण चर्चच्या बायका मला बघून पर्स जवळ ओढायच्या, आणि आईला नळावर टोमणे ऐकू यायचे. आंटी मला आत बोलवत, चहा देत. रेकॉर्ड प्लेअरवर त्यांनी विणलेला रुमाल टाकला होता. त्यांचा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

लोक म्हणतात राग थंड होतो. माझा झाला नाही. मी त्याला जपलं, म्हशीला पेंड घालावी तसं रोज थोडं खाऊ घातलं. शिरूरची नोकरी सोडून मी पुण्याला एका नातेवाइकांकडं राहून छपाईचा डिप्लोमा केला. वर्गात बाकीची पोरं अक्षरजुळणी आणि रंग यांत रमायची. मी पुठ्ठा निवडला. पुठ्ठा कसा घडी खातो, कुठं फाटतो, डाय कसा बसवायचा. सर विचारायचे, मुलींना असलं जड काम कशाला आवडतं. मी हसायचे. मला एवढंच कळत होतं की तो माणूस जिथून मोठा झाला, तिथं मला त्याच्यापेक्षा उंच उभं राहायचं आहे. पुढं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

भोसरीला काही वर्षं नोकरी केली. लग्न झालं, नवरा समजूतदार मिळाला. रांजणगावला नव्या कंपन्या आल्या तेव्हा आम्ही दोघांनी तिकडं अर्ज केले. मला एका कंपनीत पॅकेजिंग विभागात घेतलं. माल ज्या खोक्यांतून बाहेर जातो ती खोकी कुणाकडून करून घ्यायची, त्यासाठी आलेली सॅम्पल तपासून पास-नापास करायची, हे माझं काम. अंतिम सही वरच्या साहेबांची, पण साहेब माझ्या शेऱ्याखालीच सही करत. कंपनीच्या बसनं शिरूरहून जायचे-यायचे. बस त्या प्रेससमोरून जायची. मी रोज बघायचे.

तोवर दिवस बदलले होते. गावोगावी फ्लेक्स आले, पत्रिका लोक कॉम्प्युटरवर करून घेऊ लागले. प्रेसची पाटी विटली. तरी त्याच्याकडं कटिंगची मशीन होती, आणि तेवढ्यावर तो कंपन्यांची खोकी मिळवायच्या मागं लागला होता, हे मला कानावर आलं होतं. मी वाट बघत होते असं म्हणणार नाही. पण रिसेप्शनवरून फोन आला, शिरूरचे एक वेंडर आलेत, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.

मी त्याला बसवून ठेवलं. चहा पाठवला. मग आत बोलावलं.

त्यानं मला ओळखलं नाही. केस पांढरे झालेले, सॅम्पलची पिशवी मांडीवर. मला मॅडम म्हणत होता, तुम्ही म्हणत होता. मी खोकं उघडून बघितलं, घड्या तपासल्या, कोपरा दाबला. काम चांगलं होतं. मग मी त्याला विचारलं की दार उघडणारं काही कधी केलंय का. तो खूश झाला. आमची पत्रिका लई गाजली हुती मॅडम, म्हणाला, आमच्या वाड्याचं दार. मी म्हणाले, "विटा मी काढल्या होत्या, भाऊ."

त्याचा चेहरा उतरताना मी शेवटपर्यंत पाहिला. घाई केली नाही.

तो उठू लागला. मी त्याला बसायला सांगितलं आणि माझं म्हणणं सांगितलं. खोकी चांगली आहेत. पण मला एक काम बाकी आहे. दौंडला चर्चमागं एक बाई राहतात, म्हाताऱ्या झाल्यात. माझे वडील निवृत्त होऊन राहूला गेलेत, तेही तिथं येतील. त्यांच्यासमोर आणि गल्लीतल्या लोकांसमोर तुम्ही सांगायचं की ते कव्हर तुम्ही कापलं. त्यानं विचारलं, आन् मग आपलं काम व्हईल? मी म्हणाले, "तुम्ही आधी दौंडला या."

एवढंच म्हणाले होते. पुढं लोकांनी मला फार विचारलं, म्हणून हे नीट सांगते.

रविवारी तो आला, इस्त्रीचे कपडे घालून. प्रार्थना सुटली होती, चर्चच्या आवारात चिंचेखाली लोक उभे होते. आता फारच थोडी जुनी माणसं उरली होती, बहुतेक जण परदेशात किंवा पुण्यात गेले होते. आंटींना मी खुर्ची आणून दिली होती. त्यांचे कान गेले होते, पण माणूस समोर तोंड करून बोलला की त्यांना कळायचं. आप्पा धोतर-टोपी घालून एका बाजूला उभे होते, आणि काय चाललंय हे त्यांना मी मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं.

मालकानं आंटींसमोर उभं राहून हिंदीत सांगितलं. "वो कव्हर मैंने काटा था. इस लड़की ने चोरी नहीं की. मैं झूठ बोला." आवाज बारीक होता. मी म्हणाले, मोठ्यानं, त्यांना ऐकू येत नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. ज्या बायका माझ्याकडं बघून पर्स ओढायच्या त्यांतली एक तिथं होती, आता काठी टेकत चालणारी. तिनं मान खाली घातली. तेवढं माझ्यासाठी फार होतं.

मग तो आप्पांकडं वळला आणि हात जोडू लागला. माझ्या मनात हेच होतं. इतकी वर्षं मी हेच चित्र रंगवत आले होते. पण आप्पा झपकन पुढं झाले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून खाली केले. "राहू द्या पाव्हणं," म्हणाले, "वय झालंय आपलं." आणि आंटी? आंटींनी मला आत पाठवून केक आणायला लावला. त्याच्या हातात बशी दिली. म्हणाल्या, मला त्याच वेळी माहीत होतं की बेबीनं चोरी केली नाही, मुलालाही मी तसंच सांगितलं होतं. तो खाली बघत केक खात राहिला. त्याच्या मिशीला साखर लागली होती.

मला दोघांचाही संताप आला. क्षमा करायचा त्यांचा अधिकार मी नाकारत नाही. पण आंटींना माहीत होतं तर त्यांनी गल्लीत एक वाक्य का बोलू नये, हे मी त्या दिवशीही विचारलं नाही, आणि आता त्या राहिल्या नाहीत. आणि आप्पांनी माझ्या हातातलं काढून घेतलं, असं मला वाटलं.

त्या आठवड्यात मी शेरा लिहिला. भोसरीच्या वेंडरचं सॅम्पलही तितकंच चांगलं होतं, दोघांतून एकच निवडायचा होता. मी भोसरीचा निवडला. मालकाचा फोन आला. मॅडम, आपलं ठरलं हुतं, असं तो म्हणाला.

"काय ठरलं होतं?" मी विचारलं. "कुठं लिहून दिलंय का मी?"

त्यानं फोन ठेवला. मी खिडकीशी गेले. खाली कँटीनकडं शिफ्ट सुटलेली माणसं चालली होती. मला मोकळं वाटत होतं. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

आप्पांना हे नवऱ्याकडून कळलं. मी राहूला गेले तेव्हा ते गोठ्यात शेळीच्या पायातला काटा काढत होते. काटा निघाल्यावर त्यांनी शेळी सोडून दिली. मग म्हणाले, "मेंढरू भादरत्यात पोरी. कातडं काढत न्हाईत."

मी म्हणाले, त्यानं तुम्हाला वाकायला लावलं, आप्पा. ते म्हणाले, मी वाकलो त्यो तुझ्यासाठी, त्यानं लावलं म्हणून न्हाई. मला तो फरक तेव्हा कळला नाही. आता थोडा कळतो, तरी माझं मत बदललेलं नाही. मला लोकर नको होती.

पुढं वर्षभरात प्रेस बंद पडली. मशीन कुणी भंगारात घेतली म्हणतात. त्या जागी त्याच्या मुलानं मोबाईलचं दुकान टाकलं, ते बरं चालतं. एकदा शिरूरच्या स्टँडवर मालक बायकोबरोबर उभा दिसला. त्यानं बायकोला हळूच काहीतरी सांगितलं आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला कळलं, तिला सगळं माहीत आहे, त्याच्या बाजूनं. मी नजर काढली नाही. तिनंच काढली.

शिरूरमध्ये काही लोक म्हणतात की त्या बाईनं भाऊंची प्रेस बुडवली. खरं तर फ्लेक्सनं बुडवली, कॉम्प्युटरनं बुडवली. माझं एक काम मिळालं असतं तरी फार तर एखादं वर्ष ओढली असती. पण कुणी तसं बोललं तर मी दुरुस्त करत नाही.